खालीत ढुम नको

महाडच्या पुरात सगळ्यात आधी कातडं जातं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत बेंजो पार्टीचं सगळं सामान होतं. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आत गुडघाभर गाळ. ढोलकीच्या पुड्या भिजून फुगल्या होत्या, त्या उन्हात ठेवल्यावर तडकल्या. हार्मोनियमचा भाता लगदा झाला होता. ऑक्टापॅड उलटा करून पाणी काढलं, सुकवला, चालू केला. दिवा लागला, आवाज आला नाही. वाचला तो लॅपटॉप. रात्री पाणी चढायला लागल्यावर वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जी पिशवी नेली, तिच्यात रेशनकार्ड, घराचे कागद, हेडफोन आणि तो होता.

त्याच दिवशी तळीयेवर डोंगर आला. तळीये माझं आजोळ. महाडात आम्ही पाण्याने वेढलेले, मोबाइलचे टॉवर बंद, लाइट नाही. तळीयेची कोंडाळकरवाडी गेली, हे आमच्यापर्यंत उशिरा पोचलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी इथेही दरडी आल्या. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे हेच झालं होतं. तळीयेच्या त्या दिवसाबद्दल मी इथे आणखी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क माझ्यापेक्षा दुसऱ्यांचा आहे. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या एका लहानशा कामाबद्दल, लॅपटॉपवर मृदंग बसवण्याबद्दल.

मी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. पाळी संपली की गाणी रेकॉर्ड करायची, हा नाद जुना. कुणाचं हळदीचं गाणं, कुणाचं गणपतीचं, कुणाला छबिन्याच्या वेळी महाडच्या ग्रामदैवतावर, वीरेश्वर महाराजांवर, काहीतरी हवं असायचं. खोलीला गोधड्या लावायच्या, एक माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस, की झालं. तोवर मशीनमधले ड्रम मला लागले नव्हते, कारण वाजवणारी पोरं होती आणि वाद्यंही होती. पुरानंतर पोरं राहिली, वाद्यं गेली. मग लॅपटॉपमध्ये काय काय वाजतं ते बघायला बसलो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जाळी उघडते. आडवी वेळ, उभी वाद्यं. जाळीतल्या ज्या खान्यात टिचकी माराल तिथे ठोका पडतो. तो ठोका किती जोरात, हे १ ते १२७ या आकड्यांत सांगायचं. आवाज बहुतेक वेळा संगणक बनवत नाही. तो कुणीतरी कधीतरी खराखुरा वाजवलेला आणि रेकॉर्ड केलेला असतो, आपण फक्त तो कधी आणि किती जोरात वाजवायचा ते लिहितो. रॉजर लिन या अमेरिकन गिटारवाल्याने १९८० मध्ये एलएम-१ नावाचं यंत्र काढलं, त्यात पहिल्यांदा खऱ्या ड्रमचे नमुने भरलेले होते. त्याच वर्षी रोलँडचं ८०८ आलं, त्यातले आवाज मात्र सर्किटमधून निघालेले. १९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायची भाषा मिळाली. १९८५ मध्ये रोलँडने ऑक्टापॅड काढला, आणि त्यानंतर काय झालं ते रायगडच्या कुठल्याही गणपतीच्या मिरवणुकीत उभं राहिलं की कळतं.

मी रीपर वापरतो. ते साठ दिवस फुकट तपासून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे, म्हणजे बऱ्या ढोलकीच्या किमतीत येतो. नुसते ड्रमच हवे असतील तर हायड्रोजन नावाचा प्रोग्रॅम अगदीच मोफत आहे.

पण या सगळ्यांत एक गोची आहे. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाची यादी ठरली. कुठल्या आकड्यावर कुठलं वाद्य, ते त्यात बांधून दिलं. दहाव्या चॅनलवर तालवाद्यं, ३६ वर किक, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हायहॅट. ३५ ते ८१ असे ४७ आवाज. त्यात बोंगो आहेत, काँगा आहेत, ब्राझीलचा कुईका आहे, शिट्टीसुद्धा आहे. तबला नाही. ढोलकी नाही. मृदंग तर नाहीच. बहुतेक ड्रम किटांची घडण या यादीवर झालेली, त्यामुळे आपल्या माणसाने जाळी उघडली की तिच्यासमोर बसून तो आपोआपच किक आणि स्नेअरच्या भाषेत विचार करायला लागतो.

तळीयेला ज्यांची घरं गेली त्यांना आधी पत्र्याचे कंटेनर मिळाले होते. पक्की घरं नंतर झाली. आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा, त्यातल्याच एका कंटेनरमध्ये राहत होते. मामांचा मृदंग पंचक्रोशीत नावाजलेला. तो मृदंग मातीखाली गेला. एका मंडळाने नवीन आणून दिला होता, पण तो कपड्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवलेला. "हात बसत नाय," एवढंच म्हणायचे. बोटं आखडली होती हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं आणि कुणी खोदून विचारलंही नाही.

गावातल्या मंडळींना एकादशीला भजनाला बसायचं होतं. गाणारे होते, टाळ होते. मृदंग वाजवणारी तरुण मुलं सगळी मुंबईला, ती येणार शिमग्याला नाहीतर गणपतीला. आमच्याकडच्या गावांची हीच रीत आहे, आवाज गावात आणि हात मुंबईत. पूर्वी एका बुवांकडे बंगळुरूच्या राडेलची तालमाला, म्हणजे तयार ठेके वाजवणारी पेटी, होती, तीही गेली. तेव्हा मामीने मला फोन केला, "भाच्या, तुझ्या त्या मशीनवर ठेका लागतो ना? घेऊन ये."

मी गेलो. भजनाच्या नावाने भरलेला एक तयार ठेका ब्लूटूथ स्पीकरवर लावला. मामा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. एक आवर्तन झालं असेल नसेल.

"ह्ये कोण वाजवतंय?"

"मशीन आहे मामा."

"मशीनला सांग, तिसरीवर मारू नको. तिसरी मोकळी हाय."

मग त्यांनी तोंडाने म्हणून दाखवला. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा: धिंऽ, नाधिं, ऽधिं, नाऽ, तिंऽ, नातिं, ऽतिं, नाऽ. म्हणताना उजवा हात गुडघ्यावर आपोआप चालत होता. तोंडाने म्हणून बघा, लगेच कळेल. पहिल्या मात्रेवर थाप, दुसऱ्या मात्रेवर थाप आणि तिच्या अर्ध्यावर आणखी एक. तिसऱ्या मात्रेवर काहीच नाही. थाप पडते ती साडेतिनाला. मग चौथ्यावर ना. भजनाला जी पुढे झुकणारी चाल आहे ती या मोकळ्या तिसऱ्या मात्रेतून येते. गाणारा तिथे श्वास घेतो, टाळकरी तिथे हात उघडतो. विकतच्या किटमध्ये किक कुठे असते? पहिलीवर आणि तिसरीवर. पाश्चात्त्य ढंगाच्या चार मात्रांच्या ठेक्याची सवयच ती. भजनाखाली तो ठेका लावला की तिसरीवर खिळा ठोकल्यासारखं होतं आणि चाल जागच्या जागी बसते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. "खालीत ढुम नको."

आवर्तनाचा पहिला अर्धा भरी, दुसरा अर्धा खाली. भरीत धिं, म्हणजे दोन्ही हात, डाव्याचा घुमारा खुला. खालीत तिं, म्हणजे डावा गप्प. पाचव्या ते आठव्या मात्रेपर्यंत खालचा स्वर नाही. गाणाऱ्याला डोळे मिटूनसुद्धा आपण आवर्तनात कुठे आहोत ते यावरूनच कळतं. घुमारा परत आला म्हणजे सम, पहिली मात्रा, आली. तयार ठेक्यात किक दोन्ही अर्ध्यांत एकसारखी. मोजायला सोपं, पण सम कुठली ते सांगणारं काही उरत नाही. हल्ली ज्याला सगळे डॉल्बी म्हणतात त्याच्यावर अभंग लावतात, चारही मात्रांवर किक ठोकून. लोक नाचतात, माझं काही म्हणणं नाही. पण तो अभंग आवर्तनात नसतो, तो नुसता पुढे सरकत असतो.

तयार ठेका पुसून टाकला आणि पहिल्यापासून मांडायचं ठरवलं. त्यासाठी खऱ्या मृदंगाचे बोल लागणार होते. मामांनी शिकवलेला एक मुलगा भांडुपला चाळीत राहतो, त्याच्याकडे गेलो. रात्री उशिरा, शेजारचे टीव्ही बंद झाल्यावर बसलो. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप अशा कामाला चालत नाही. ते हळू आवाज आपोआप मोठा करतं आणि मोठा दाबतं, म्हणजे वादकाने हाताने केलेला सगळा फरक खाऊन टाकतं. म्हणून माइक आणि इंटरफेस बरोबर नेला होता. माइक मृदंगापासून हातभर लांब, खाली सतरंजी, दाराला चादर.

एकेक बोल घेतला. ना, तिं, ता, धिं, धा, नुसता डावा गे. प्रत्येक बोल चार ताकदींत: बोट टेकवल्यासारखा, भजनात सुरुवातीला वाजतो तसा, भरात वाजतो तसा आणि गजरातला. प्रत्येक ताकदीचे पुन्हा काही ठोके, कारण माणसाचा एक ना दुसऱ्या ना सारखा कधीच नसतो. एकच नमुना सलग वाजवला की कानाला लगेच कळतं, बंदूक चालल्यासारखं वाटतं. आळीपाळीने वेगवेगळे नमुने वाजवायला सॉफ्टवेअरला सांगता येतं, पण त्यासाठी ते आधी घेतलेले असावे लागतात.

मला वाटलं होतं की उजवा वेगळा आणि डावा वेगळा घेतला की दोन्ही जोडून धिं तयार होईल. त्या मुलाने मान हलवली. म्हणाला, "दादा, दोन्ही मिळून मारल्यावर आत हवा एकच असते. एक कातडं दुसऱ्याला ढकलतं." त्याचं बरोबर होतं. सुटे जोडलेले आणि एकत्र मारलेला, दोन्ही लागोपाठ ऐकले तर सुट्यांचा धिं पोकळ वाटतो. तेव्हा धिं आणि धा सबंधच घेतले.

दुसरी अडचण कणकेची. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, तिच्या वजनाने स्वर खाली जातो. आम्ही एकेक बोल घेत बसलो आणि पंख्याखाली कणीक सुकत गेली, तसा डावा चढत गेला. सुरुवातीचा गे आणि शेवटचा गे यांत ऐकू येण्याएवढा फरक. मधे थांबून पाण्याचं बोट लावायचं, वाजवून बघायचं, मग पुढे. लोकल गेली की थांबायचं. पहाटे उठून तो कामावर गेला.

आता जाळीत मांडणी. मांडणी म्हणजे वेळ, आणि वेळ मला मामांची हवी होती. त्यांना म्हटलं, हे दोन पॅड आहेत, यांच्यावर वाजवा. त्यांनी पॅडला हात लावला, रबर दाबून बघितलं आणि बाजूला सारलं. मग मी तोंडाने म्हणायला लावलं आणि गुडघ्यावर पडणाऱ्या थापेजवळ माइक धरला. मंडळीत गाणाऱ्या बुवांनी समोर बसून हळू आवाजात अभंग म्हटला. लॅपटॉपवर गुडघ्याची प्रत्येक थाप एका टोकासारखी दिसते. त्या टोकांखाली मृदंगाचे ठोके एकेक करून सरकवले.

तेव्हा जे दिसलं ते मला कुठल्याही शिकवणीच्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. लय १४० धरली तर एक मात्रा साधारण ४२८ मिलिसेकंदांची होते. मामांची दुसऱ्या मात्रेवरची ना जाळीच्या रेघेच्या किंचित आधी पडत होती. साडेतिनावरचा धिं पंधरा-वीस मिलिसेकंद उशिरा. पहिली मात्रा रेघेवर. आणि हे दर आवर्तनात तसंच. म्हणजे तो हाताचा डळमळीतपणा नव्हता, ती चाल होती. सॉफ्टवेअरमध्ये ठेका माणसासारखा करण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की सगळे ठोके थोडे थोडे इकडेतिकडे विस्कटतात, कुठलाही ठोका कुठेही. त्या बटणामागची समजूत अशी की माणूस म्हणजे चुका. चांगला वादक चुकत नसतो. तो दर वेळी त्याच जागी, तेवढाच मागे असतो. ते बटण मी तेव्हापासून दाबलेलं नाही.

टाळांचं गणित वेगळं. टाळ पाच-सहा जणांच्या हातात, गोल करून बसलेले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. चार मीटर लांब बसलेल्याचा टाळ मृदंगवाल्याच्या कानाला जवळजवळ बारा मिलिसेकंद उशिरा पोचतो. टाळ पसरलेला ऐकू येतो तो त्यामुळेही. जाळीवर सगळे टाळ एकाच रेघेवर ठेवले की एकच मोठा, पत्र्यासारखा टाळ तयार होतो. मी एक टाळ रेघेवर ठेवला, बाकीचे पाच ते बारा मिलिसेकंद मागे, डावी-उजवीकडे वाटून. मंडळी बसल्यासारखं वाटायला लागलं.

लय बांधून ठेवायची नाही, हेही ठरवलं. अभंग १३० च्या आसपास सुरू होतो आणि गजरात १७० पर्यंत जातो. सॉफ्टवेअर एकच आकडा मागतं, पण लयीची रेघ वळवता येते. बुवांनी म्हटलेल्याचं रेकॉर्डिंग खाली ठेवून, कुठे कुठे चढले ते बघत रेघ काढली. चढण सरळ नसते. एका कडव्यात वाढतात, ध्रुपदावर आले की जरा टेकतात, मग पुन्हा उचलतात. सरळ चढणारी रेघ ठेवली तर गाणाऱ्यांना पाठीमागून कुणी ढकलतंय असं वाटतं.

मिक्सिंगचं काम तिथेच, कंटेनरमध्ये करायचा प्रयत्न केला तो पावसाने बंद पाडला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाऊस नसतानाही ती खोली खोटं बोलते. आठ फूट रुंदीच्या दोन समांतर पत्र्यांमध्ये साधारण ७० हर्ट्झचा आवाज घुमत राहतो, आणि मृदंगाच्या डाव्याचा जीव त्याच भागात. तिथे घुमारा भरपूर वाटतो म्हणून कमी केला, तर बाहेर येऊन ऐकल्यावर मृदंगाला खालचा हातच नसतो. शेवटी हेडफोनवर आणि महाडच्या खोलीवर भागवलं.

पण हे सगळं ऐकलं जाणार कशावर? आमच्याकडे गाणं फोनवर ऐकतात, फार तर ब्लूटूथ डब्यावर, देवळात असेल तर भोंग्यावर. फोनच्या बोटभर स्पीकरमधून ७०-८० हर्ट्झ निघतच नाही. डाव्याचा आवाज नुसता वाढवून उपयोग नाही. फोन तो गिळतो आणि हेडफोनवर मात्र कान बसतात. त्यावर उपाय म्हणजे डाव्याला थोडं सॅच्युरेशन द्यायचं. आवाज किंचित चिरडला की त्याच्यात दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे स्वर उमटतात, १५०, २२० च्या आसपास आणि वर. ते फोन थोडेफार वाजवू शकतो, आणि कान खालचा स्वर आपला आपण भरून घेतो. हे कानाचं वैशिष्ट्य आहे, सॉफ्टवेअरचं नाही.

उजव्या पुडीचा आणि गाणाऱ्याचा झगडा दीड ते तीन हजार हर्ट्झमध्ये होतो. शब्द कळतात तेही तिथेच. मी मृदंग तिथे दोन-तीन डेसिबलने खाली घेतो आणि गाणाऱ्याला हात लावत नाही. अभंगात शब्द गेले तर उरलं काय? टाळ सात-आठ हजारांच्या वर. तिथे फार धारदार केले तर भोंग्यावर कानात सुया टोचतात, म्हणून थोडे बोथट. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा, लावायचा तर तीनास एक, आणि तो पकडायला वीस-तीस मिलिसेकंद उशिरा लागेल असा ठेवायचा, म्हणजे थाप सुटून जाते आणि मागची शेपूट तेवढी आवरते. लगेच पकडणारा लावला की थापेचं डोकंच कापलं जातं. रिव्हर्ब, म्हणजे जागेचा पडसाद, फार नको. देऊळ आमचं लहान, कौलांचं. मोठ्या हॉलचा रिव्हर्ब दिला तर मंडळी भलतीकडेच बसल्यासारखी वाटते.

स्वराचंही बघावं लागलं. भांडुपचा मृदंग काळी चारला लावलेला होता, बुवा गातात काळी पाचला. नमुने दोन अर्धस्वर वर ओढले. सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला की झालं, पण याच्या पुढे ओढला असता तर कातडं प्लास्टिकचं वाटायला लागलं असतं.

मग ते मामांना ऐकवलं. पूर्ण अभंग ऐकला. मधे एकदा हात उचलला, मला वाटलं थांबवतायत, पण तो समेवर पडला. संपल्यावर म्हणाले, "डावा जरा पुढं येतोय." दोन ठिकाणी डावा खरोखरच पुढे होता, तो मागे सरकवला. पुन्हा ऐकून म्हणाले, "चालंल. पण ह्यो कुणाचं ऐकत नाय." म्हणजे बुवांनी एखादी ओळ आणखी एकदा घोळवली तरी हा पुढे निघून जाणार. ते खरं होतं आणि त्याला माझ्याकडे उपाय नव्हता, आजही नाही. एकादशीला मंडळी त्या ठेक्यावर बसली. बुवांना ओळी घोळवता आल्या नाहीत, त्यांनी मशीनच्या मापात अभंग म्हटला. गणपतीत भांडुपचा मुलगा आला, तेव्हा लॅपटॉप कुणी उघडलाही नाही, आणि ते योग्यच झालं.

पुढे तेच नमुने मी इतर मंडळांसाठी वापरले. मुंबईतल्या वादकाला आधी मशीनचा ठेका लावलेलं गाणं पाठवतो, तो तिथे त्यावर खरा मृदंग वाजवून पाठवतो, मग मशीनचा मृदंग पुसून टाकतो. मशीनचं काम तेवढंच असावं, असं माझं मत झालंय. जिथे माणूस येऊ शकतो तिथे मशीन ठेवणं म्हणजे आळस. जिथे माणूस नाही तिथे मशीन लाजायची गोष्ट नाही, फक्त त्याच्यात कुणाचा हात भरलाय ते बघावं. स्टॉकहोम किंवा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत कुणीतरी उत्तम वाजवलेले ड्रम तुम्हाला डॉलरमध्ये विकत मिळतात. तळीयेचा, पोलादपूरचा, सुधागडचा हात कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही आणि येणारही नाही. तो आपणच भरायचा.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात मृदंग, ढोलकी, ढोल, संबळ वाजवणारं जे कुणी असेल, त्यांच्याकडे एक संध्याकाळ जाऊन बसा. पंखा बंद करा. प्रत्येक बोल सुटा, हळू ते जोरात अशा चार ताकदींत, प्रत्येकी पाच-सहा वेळा वाजवून घ्या. मग त्यांना हवा तो ठेका त्यांच्या लयीत पाच मिनिटं सलग वाजवू द्या, आणि तोंडाने बोल म्हणायला लावा, तेही घ्या. स्टुडिओ लागत नाही. फोनच असेल तर आवाज आपोआप वरखाली न करणारं रेकॉर्डर ॲप घ्या आणि डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, आवाज चिरडला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात वादकाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि तिची एक प्रत गावाबाहेरच्या, नदीपासून आणि डोंगरापासून लांब राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.